अण्णांचं बीपी 98/60. खूश व्हायचं की घाबरायचं?

सड्यावरची
नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

आम्ही वेंगुर्ल्याजवळ राहतो. वडील, आमचे अण्णा, 71 वर्षांचे. साखर 18 वर्षांची जुनी. तीन वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेला, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय बाहेर ढकलतं तो रक्ताचा भाग, 30 टक्के. तेव्हापासून गोळ्यांच्या डब्याचं किराणा दुकान झालंय.

गेले पंधरा दिवस घरच्या मशीनवर सकाळचं बीपी 98/60, 102/58, 96/62 असं येतंय. अण्णा ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं जायचे ते गावातले डॉक्टर कायम सांगायचे, साखरवाल्याचं बीपी जितकं खाली तितकं बरं. त्या हिशेबाने अण्णांना बक्षीसच द्यायला हवं. मुंबईतला दादा फोनवर म्हणतो, "माझं 150 असतं, अण्णांचं तर कॉलेजच्या पोरासारखं आहे." शेजारचे काका म्हणतात, एवढं कमी म्हणजे गोळ्या जास्त होतायत, निम्म्या बंद कर. हार्टचे डॉक्टर गोव्याला, पुढची तारीख महिन्याभराने.

कोणाचं ऐकू? आणि अशा माणसाचं बीपी असावं तरी किती?

हापूस_पायरी
ताई, एवढं घाबरण्यासारखं काही नाही. लिंबू, मीठ आणि साखर घालून सरबत द्या दिवसातून दोनदा. बीपी आपोआप वर येईल. आमच्याकडे सगळ्यांना हेच देतात.

तिठ्यावरचा_डॉक्टर
हापूसराव, प्रेमाने सांगतो, हा प्रतिसाद मागे घ्या. पंपिंग 30 टक्के, वर मधुमेह, आणि तुम्ही मीठ-साखरेचं पाणी पाजताय. ऊन लागलेल्या धडधाकट गड्याला ते ठीक. अण्णांच्या अंगात त्या मिठाने पाणी साठेल आणि ते छातीत चढेल.

सड्यावरचीताई, मी सिंधुदुर्गातच फिजिशियन आहे. तपासल्याशिवाय औषध सांगणार नाही, पण चार गोष्टी कळल्या तर बोलता येईल. उठताना चक्कर येते का? पायावर सूज, रात्री धाप? रोजचं वजन करता का? आणि डब्यात जे जे आहे त्या सगळ्याची नावं इथे लिहा. हार्टच्या डॉक्टरांनी दिलेल्याच नव्हेत, *सगळ्या*.

हापूस_पायरी
मागे घेतला. संपादन होत नाहीये, तेव्हा वाचणाऱ्यांनी वरचं सरबत पिऊ नये.

सड्यावरची
लिहिते. सकाळी आठला: सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टन 50, मेटोप्रोलॉल 25, स्पायरोनोलॅक्टोन 25, डापाग्लिफ्लोझिन 10, टोरसेमाइड 10, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. रात्री: सॅक्युबिट्रिल परत, अ‍ॅस्पिरिन, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, मेटफॉर्मिन. शिवाय प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन. आणि हो, अ‍ॅम्लोडिपिन 5, ती गावातल्या डॉक्टरांची जुनी बीपीची गोळी. तिची वेगळी चिठ्ठी आहे, मेडिकलवाला त्यावर देत राहतो.

चक्कर येते. पहाटे अण्णांना लघवीला उठायचं असतं. खाटेवरून उठले की तीन पावलं टाकतात आणि पडवीच्या खांबाला धरून उभे राहतात. मी विचारलं तर म्हणतात, "काय नाय गो, खांब हलता काय ता बघतंय." सूज म्हणाल तर घोट्याशी थोडी, संध्याकाळी. धाप सध्या नाही, रात्री एका उशीवर झोपतात.

वजनाबद्दल सांगायचं तर माझीच एक चूक सांगायला लागेल. गेल्या जूनमध्ये बीपी 94 दिसलं. एका ओळखीच्या माणसाने (दवाखान्यात वावरणारा, डॉक्टर नव्हे) सांगितलं की ती दोन वेळची महागडी गोळीच (सॅक्युबिट्रिल) बीपी पाडते, बंद करून बघा. मी केली बंद. बीपी 118 झालं आणि मला वाटलं, जिंकलं. नवव्या रात्री अण्णांना आडवं होता येईना. पडवीत खुर्चीवर बसून खोकत होते, बाहेर धो धो पाऊस, गाडी मिळायला दीड तास. दवाखान्यात वजन केलं तर 65 किलो, त्याआधी 61 होतं. चार किलो पाणी! सहा दिवस ठेवलं. तेव्हापासून रोज सकाळी काट्यावर उभं करते आणि कालनिर्णयच्या चौकटीत आकडा लिहिते. सध्या 60.5 ते 61.

म्हणून तर विचारतेय. बीपी बघून एकदा तोंडावर आपटलेय.

कोंडुऱ्याचो_झील
माका यातला फारसा कळत नाय, पण आमच्या आवशीक अशीच चक्कर येय. आमी म्हटला बीपी. एकदा शेजारच्या पोरान बोटाक सुई टोचून साखर बघली तर 54! बीपीक फुकट गाळी. ताई, चक्करेच्या टायमाक साखर पण बघा.

तिठ्यावरचा_डॉक्टर
झीलबाबांनी लाख मोलाचं सांगितलंय. अण्णा ग्लिमेपिराइड घेतात, ती साखर पाडू शकते. शिवाय मेटोप्रोलॉल चालू असलं की साखर पडल्याची धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम तेवढा येतो. पहाटेच्या चक्करेला आधी ग्लुकोमीटर, मग बीपीचा पट्टा.

आता मूळ प्रश्न. बागेला पाणी लावताना नळीचं तोंड बोटाने दाबलं की धार लांब उडते, बरोबर? जोर वाढला. पण पोफळीच्या मुळाशी पाणी जास्त गेलं का? उलट कमी. बीपी हा तो जोर. शरीराला हवं असतं पाणी, म्हणजे रक्त. आकडा घडतो दोन गोष्टींनी: पंप किती ढकलतो आणि पुढे नळ्या किती आवळलेल्या आहेत.

म्हणजे 98 हा आकडा दोन वाटांनी येतो. पंपच दमलाय म्हणून 98, ही वाईट वाट. किंवा औषधांनी नळ्या सैल केल्या, पंपाला सोपं झालं, पाणी पोचतंय, म्हणून 98. ही चांगली वाट. मशीनला दोन्ही सारखेच दिसतात. जूनमध्ये तुम्ही बोटाने नळी दाबलीत, धार 118 झाली, आणि मागे मोटर जळायला आली.

पंप दमल्याच्या खुणा: हातपाय गार, लघवी कमी, दिवसभर सुस्ती, जेवणावरची वासना उडणं, मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिन चढत जाणं. आणखी एक घरगुती हिशेब. वरच्यातून खालचा आकडा वजा करा. अण्णांचं 98 वजा 60 म्हणजे 38, वरच्या आकड्याच्या एक तृतीयांशाहून जास्त. हा फरक पाव भागाखाली गेला, उदाहरणार्थ 88/70, तर मी खुर्चीतून उठतो. (म्हातारपणी रक्तवाहिन्या कडक होतात आणि हा हिशेब फसवतो, तेव्हा यावर एकट्यावर विसंबू नका.)

आता एक काम करा. उद्या पहाटे अण्णा उठायच्या आधी पाच मिनिटं पडल्या पडल्या बीपी घ्या. मग उभं करा, एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला परत घ्या. खांब जवळ असू द्या.

आकडेमोड
"साखरवाल्याचं बीपी जितकं खाली तितकं बरं" हे गावच्या डॉक्टरांचं वाक्य हवेतून आलेलं नाही, पण त्याचा पत्ता वेगळा आहे. लांबण लावतो, माफ करा.

2010 चा अ‍ॅकॉर्ड प्रयोग: टाइप 2 मधुमेहाचे 4,733 लोक, निम्म्यांचं वरचं बीपी 120 खाली न्यायचं, निम्म्यांचं 140 खाली. अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून फरक ठरण्याइतका पडला नाही. पक्षाघात कमी झाले, औषधांचे त्रास वाढले. 2015 चा स्प्रिंट, 9,361 लोक, तिथे 120 वाले सरस ठरले, पण त्यात मधुमेही घेतलेच नव्हते. 2024 मध्ये चीनचा बीप्रोड आला, 12,821 मधुमेही, आणि तिथे 120 खालच्या गटात मोठे आघात साधारण 21 टक्क्यांनी कमी. म्हणजे ते डॉक्टर जुने असले तरी आता विज्ञान त्यांच्याच बाजूला झुकलंय.

फक्त यातला एकही प्रयोग पंपिंग 30 टक्के झालेल्या माणसासाठी नव्हता. स्प्रिंटमध्ये तर 35 टक्क्यांखालचं पंपिंग असलेल्यांना दारातूनच परत पाठवलं होतं.

हार्ट फेल्युअर (हृदयाला पुरेसं रक्त फिरवता न येणं) झालं की चित्र उलटं होतं. अमेरिकेतल्या ऑप्टिमाइझ-एचएफ नावाच्या नोंदवहीत 48,612 रुग्ण होते, निष्कर्ष 2006 मध्ये छापून आले. दवाखान्यात येताना वरचं बीपी 120 च्या खाली होतं त्यांच्यातले 7.2 टक्के दवाखान्यातच दगावले. 161 च्या वर असलेल्यांत 1.7 टक्के. मधले गट क्रमाने मधे.

पुळणीवरची
@आकडेमोड, मग काकांचं खरंच की! बीपी वाढवायलाच हवं. गोळ्या कमी करा.

आकडेमोड
नाही ना! बंदरावर तीन नंबरचा बावटा चढतो म्हणून वादळ येत नाही. बावटा उतरवला तर वादळ थांबेल का? पंप जास्त बिघडलेला म्हणून बीपी कमी आणि म्हणूनच माणूस दगावतो, असं बरंचसं त्या आकड्यांच्या मागे आहे. औषधाने कमी झालेलं बीपी हे वेगळं प्रकरण. पॅराडाइम-एचएफमध्ये (2014, सुमारे 8,400 रुग्ण) अण्णांचीच ती दोन वेळची गोळी जुन्या एनालाप्रिलशी ताडून बघितली. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती, दोन्ही मिळून 20 टक्क्यांनी कमी. नव्या गोळीने बीपी *जास्त* उतरायचं, तरीही. आणि बीपी मुळातच कमी असलेल्यांनाही फायदा तसाच मिळाला. प्रवेशाची अट मात्र होती: तपासणीच्या वेळी वरचं 100 च्या खाली नको.

तिठ्यावरचा_डॉक्टर
सहमत. डापाग्लिफ्लोझिनचंही तेच. डापा-एचएफ, 2019, 4,744 रुग्ण, साखर असो वा नसो, 26 टक्के फायदा. बीपीवर भार अगदी किरकोळ. भारतात 2020 मध्ये पेटंट संपलं आणि गोळी आवाक्यात आली, नाहीतर माझ्या अर्ध्या पेशंटांनी ती पाहिलीही नसती.

तिचं एक पथ्य इथे सांगून ठेवतो, कारण पावसाळा तोंडावर आहे. जुलाब-उलट्या, ताप, जेवण बंद किंवा निर्जळी उपवास असेल त्या दिवसांत ही गोळी थांबवायची असते. कधी आणि किती दिवस, ते आधीच आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. साखर ठीक दिसत असतानाही अंगात आम्ल साठू शकतं.

माडाखालची
माझा अनुभव सगळ्यांच्या उलट आहे, लिहू का?

आई 68, गुहागरला. साखर, वजन जास्त, आणि गेल्या वर्षी अंगावर सूज, धाप. एको केला तर पंपिंग 60 टक्के! मी भांडले डॉक्टरांशी, 60 आहे तर हार्ट फेल्युअर कसलं म्हणता. तर म्हणे हृदय आकुंचन पावतं चांगलं, पण सैल होत नाही, भरत नाही. तिचं बीपी 165-170 असायचं आणि त्यांनी ते उतरवायच्याच मागे लागून 130 खाली आणलं. आता ती अंगण सारवते. तर "हार्ट फेल्युअरला बीपी कमी नको" असं वाचून कोणी आपल्या आईच्या गोळ्या सोडू नयेत.

तिठ्यावरचा_डॉक्टर
फार बरं केलंत लिहून. हा दुसरा प्रकार, कडक हृदय. मधुमेही आणि रक्तदाबवाल्या बायकांत भरपूर दिसतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीत 1974 मध्येच दिसलं होतं की मधुमेह असलेल्या पुरुषांना हार्ट फेल्युअरचा धोका दुपटीहून थोडा जास्त, बायकांना सुमारे पाचपट. तरी आपल्याकडे बाईला धाप लागली की "वजन कमी करा" म्हणून परत पाठवतात. तिथे 130/80 च्या खाली हेच उद्दिष्ट. एकाच आजाराच्या नावाखाली दोन वेगळी माणसं आहेत ही, एको हातात घेतल्याशिवाय बीपीचा आकडा सांगू नये.

सड्यावरची
मोजलं. पहाटे साडेपाच.
पडून: 114/66
उभं राहून एका मिनिटाने: 88/54
तीन मिनिटांनी: 90/56
साखर: 108

अण्णा म्हणाले डोळ्यांपुढे काजवे आले. आणि सकाळचं 98 मी नेहमी कधी घेते ते आज कळलं. सगळ्या गोळ्या गिळून झाल्यावर, साडेनऊला!

तिठ्यावरचा_डॉक्टर
धाग्याचं उत्तर तुम्हीच मिळवलंत. उभं राहिल्यावर वरचं 20 ने पडलं तर आम्ही दखल घेतो, अण्णांचं 26 ने पडलंय. 18 वर्षांच्या साखरेने पायाच्या नसांबरोबर बीपी सांभाळणाऱ्या नसाही बोथट होतात. त्यावर टॅम्सुलोसिन आणि अ‍ॅम्लोडिपिन.

ती अ‍ॅम्लोडिपिन बघून मी कपाळाला हात लावला. वाईट गोळी नव्हे, माडाखालचीताईंच्या आईला कदाचित तीच असेल. पण कमजोर पंपाला तिचा आयुष्य वाढवण्याच्या दृष्टीने काही उपयोग नाही, फक्त बीपी उतरवते आणि घोट्याला सूज आणते. ती सूज बघून कोणीतरी पाण्याची गोळी (लघवी वाढवणारी, अण्णांची टोरसेमाइड) वाढवतं, मग बीपी आणखी खाली. हे चक्र मी दर आठवड्याला बघतो.

बीपी कमी असेल तर काढायचा क्रम ठरलेला आहे. आधी हृदयाला काही न देणाऱ्या गोळ्या. मग सूज-धाप नसेल तर पाण्याची गोळी हळूहळू कमी. मग वेळा विभागणं, सगळं आठ वाजता कोंबायचं नाही. सॅक्युबिट्रिल, मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन आणि डापा या चौघांना हात सर्वात शेवटी. त्रास नसेल आणि वरचं 90 च्या वर असेल तर आम्ही सहसा त्यांना धक्का लावत नाही. पण तुम्ही स्वतः काही काढू नका! हे आकडे आणि डब्याचा फोटो गोव्याच्या डॉक्टरांना पाठवा, महिनाभर थांबू नका.

घाटउतार
अवांतर: सुक्या मासळीचं काय? आमच्याकडे जून-जुलैत मासेमारी बंद म्हणजे सुके बोंबील आणि खारा बांगडा यावरच घर चालतं. आजोबांना दर पावसाळ्यात भरती करावं लागतं, आम्ही हवेला दोष देत होतो.

माडाखालची
हवा नव्हे हो, बांगडा. धुऊन, भिजवून थोडं मीठ जातं, सगळं नाही. आणि आगळाकडे कोणी बघतच नाही! सोलकढी पथ्याची म्हणून आईला रोज वाटीभर देत होते. आगळात मीठ घालूनच ठेवलेलं असतं, वर कढीत मी परत चिमूटभर. दिवसाचं मीठ 5 ग्रॅमच्या आत म्हणतात, म्हणजे सपाट एक चमचा. आमच्याकडे पेजेबरोबरच्या लोणच्यात अर्धा संपायचा. आता सोलं भिजवून कढी करते, तीही कमी मिठाची निवडून.

हापूस_पायरी
सरबतवाला परत आलाय. बाजारात ते लो सोडियम मीठ मिळतं, ते चालेल ना? आणि शहाळं? शहाळ्यात तर मीठ नसतं.

तिठ्यावरचा_डॉक्टर
तुम्ही अगदी नेम धरून चुकता! त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर. अण्णांच्या स्पायरोनोलॅक्टोन आणि सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टनने ते आधीच अंगात अडकून राहतं, त्यात मधुमेहाची मूत्रपिंडं. पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. आणि दुखण्यावरच्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या तर या मंडळींच्या घरातच नकोत, त्या मीठ-पाणी धरून ठेवतात.

सड्यावरची
शहाळं! घरचे माड आहेत. अण्णा रोज एक पितात, कधी दोन. कोणी विचारलंच नाही आजवर.

सड्यावरची
तीन आठवड्यांनी लिहितेय. गोव्याच्या डॉक्टरांनी फोनवरच अ‍ॅम्लोडिपिन बंद केली आणि जुनी चिठ्ठी फाडायला सांगितली. टोरसेमाइड एक दिवसाआड. मेटोप्रोलॉल रात्री. टॅम्सुलोसिनचं लघवीच्या डॉक्टरांना विचारायचंय, ती चालू आहे. दोन वेळची गोळी तशीच.

आज पहाटे पडून 116/68, उभं राहून 104/62. वजन 60.8. घोट्याची सूज नाही. अण्णा खांबाला न धरता न्हाणीपर्यंत गेले, मी मागून गुपचूप बघत होते. दादाला फोन केला, त्याला अजून वाटतंय की 98 च चांगलं होतं. त्याचं स्वतःचं 150 तपासून घे म्हटलं तर रेंज गेली.

रक्त तपासलं, क्रिएटिनिन 1.3, पोटॅशियम 5.1.

तिठ्यावरचा_डॉक्टर
5.1 जरासं वर आहे. रिपोर्ट त्यांना कळवा, दोन आठवड्यांनी परत करायला सांगतील बहुतेक. शहाळं?

सड्यावरची
बंद. अण्णा रुसलेत. माड उतरवायला पाडेली आला की त्याला पडवीतून ओरडून सांगतात, "माका नको, चेडवाक विचार."

कोंडुऱ्याचो_झील
ती शहाळी हय धाडून दी.